नवऱ्याचा कागद फाटला की बायकोचाही: सखाराम पंडित, सावित्रीबाई खानोलकर आणि आमच्या घरची वहिनी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये नेटवर्क जातं किंवा हेडफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जसा बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले असतील तर माफ करा. घर मानकोली नाक्यापासून फार लांब नाही, आणि इथल्या गोडाऊनना रात्र नसते.

आजचा विषय घरातूनच निघाला. माझा मावसभाऊ पोलंडला नोकरीला होता. तिथे त्याचं जमलं, दोन्ही घरांनी थोडं नाक मुरडलं, मग होकार दिला. आता वहिनी इथे आमच्या गल्लीत राहते, भाकरी थापायला शिकतेय आणि आजीशी अर्ध्या मराठीत गप्पा मारते. हळदीला आमच्या बायका जितका वेळ नाचल्या त्याच्या दुप्पट वेळ ती नाचली. पण कायद्याच्या भाषेत ती अजून पाहुणी आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर आधी तीस दिवसांची नोटीस लागते. त्यात तिच्या अविवाहित असण्याचा दाखला हवा, त्यावर तिकडचा शिक्का हवा, भाषांतर हवं. एका कार्यालयात भाऊ चार वेळा गेला आणि चारही वेळा वेगळाच कागद कमी निघाला. शेवटी आजी वैतागून बोलली, "आपलीच सून हाय ना ती, मंग तिला परत कागद कशाला?"

आजीचा प्रश्न मला साधा वाटला होता. शोधायला गेलो तर कळलं की शंभर वर्षांपूर्वी कायदाही जवळजवळ आजीसारखाच विचार करायचा. सून घरात आली की ती घरची झाली, वेगळा कागद नको. ऐकायला छान वाटतं ना? थांबा जरा.

अमेरिकेपासून सुरू करतो, कारण ग्रीन कार्ड हा शब्द आपल्याकडे आता रेशन कार्डाइतका ओळखीचा झालाय. १८५५ च्या अमेरिकन कायद्यानुसार अमेरिकन नागरिकाशी लग्न करणारी परदेशी बाई आपोआप अमेरिकन व्हायची. अर्ज नाही, मुलाखत नाही, रांग नाही. अट एकच, पण मोठी होती. ती स्वतः नागरिक होण्यास 'पात्र' हवी. आणि पात्र कोण, हे १७९० पासून ठरलेलं होतं: 'मुक्त गोरी व्यक्ती'. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातले लोक कुठे बसतात, यावर पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कोर्टात भांडणं चालली.

मग १९०७ मध्ये याच तर्काची दुसरी बाजू कायद्यात आली. परदेशी बाई लग्नाने अमेरिकन होते, तर अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की ती परदेशी झाली पाहिजे. तसंच लिहिलं: बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वामागे जाईल. ती जन्मली अमेरिकेत, आयुष्यात कधी देशाबाहेर गेली नाही, तरी नवरा परका म्हणून तीही परकी.

हे कागदावरचं वाटत असेल तर एथेल मॅकेन्झी ऐका. कॅलिफोर्नियात जन्मलेली बाई. १९०९ मध्ये तिने एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं. दोघं तिथेच राहत होते. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, त्या चळवळीत ती स्वतः होती. नाव नोंदवायला गेली तर उत्तर मिळालं, बाई, तुम्ही आता अमेरिकन नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९१५ मध्ये हरली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं, की लग्न तू स्वखुशीने केलंस, परिणाम तुला माहीत होते. बास.

आता आपला माणूस. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. १९०६ मध्ये अमेरिकेला गेले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. १९१४ मध्ये त्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. ते काही चोरून-लपून मिळवलेलं नव्हतं. सरकारला हरकत घ्यायची संधी होती, न्यायाधीशांनी बाजू ऐकली आणि पंडित पात्र आहेत असा निकाल दिला. सरकारने त्यावर अपील केलं नाही. त्याआधी मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांचं नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टात टिकलं होतं, त्यामुळे दार किलकिलं होतंच.

पंडित वकील झाले. तिथे वकिली करायला नागरिकत्व लागायचं. १९२० मध्ये त्यांनी लिलियन नावाच्या गोऱ्या अमेरिकन बाईशी लग्न केलं. घर झालं, जमीन झाली, कामधंदा लागला. माणूस अमेरिकन, बायको अमेरिकन, प्रश्न कुठे आहे?

प्रश्न आला १९ फेब्रुवारी १९२३ ला. भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांचा मुद्दा असा, की वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना 'कॉकेशियन' म्हणतात, म्हणजे मी गोरा. (हा युक्तिवाद आज वाचताना अंगावर येतो. त्यात उच्च जातीचा अभिमान भरपूर होता. बाजू अन्याय झालेल्याची आहे म्हणून ते झाकायचं कारण नाही.) न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की पुस्तकं काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्याच्या तीनच महिने आधी याच कोर्टाने ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं, की रंग उजळ असला तरी तू कॉकेशियन नाहीस, म्हणून गोरा नाहीस. एकाला पुस्तक दाखवलं, दुसऱ्याला पुस्तक बंद करायला सांगितलं. आमच्या टीममध्ये असं कोणी केलं तर कोड रिव्ह्यूमध्येच पकडलं असतं.

थिंद हरले इथवर ठीक, म्हणजे ठीक नाही, पण समजा. पुढची पायरी भयंकर होती. सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे जुने कागद उकरायला घेतले. म्हणणं असं, की हे लोक पात्रच नव्हते, म्हणजे त्यांना नागरिकत्व बेकायदा मिळालं, म्हणजे ते कधी मिळालंच नव्हतं. ही गोष्ट नीट कळून घ्या. आजपासून रद्द असं नाही, तर मागच्या तारखेपासून रद्द. डेटाबेसमधली जुनी नोंद पुसली की तिला जोडलेल्या सगळ्या नोंदीही कोसळतात, तसं. पुढच्या काही वर्षांत पन्नासहून जास्त भारतीयांचं नागरिकत्व असं गेलं.

आता लिलियन पंडितचा हिशेब मांडा. लग्न १९२० चं, तेव्हा १९०७ चा कायदा चालू होता. नवरा अमेरिकन म्हणून ती अमेरिकन राहिली. पण नवरा १९१४ पासून कधी अमेरिकन नव्हताच असं ठरलं, तर १९२० मध्ये तिने एका परक्याशी लग्न केलं असा अर्थ होतो. म्हणजे तिचंही नागरिकत्व गेलं. गंमत बघा, आरोपपत्रात तिचं नाव नाही, तिने काही केलेलं नाही, तिला कोणी विचारलेलं नाही.

इथे कोणी म्हणेल, १९२२ मध्ये केबल कायदा आला ना? आला. त्याने अमेरिकन बायकांना सांगितलं की आता लग्नाने तुमचं नागरिकत्व जाणार नाही. पण एक वाक्य ठेवलं: नवरा नागरिकत्वाला 'अपात्र' परका असेल तर मात्र जाईल. अपात्र म्हणजे चिनी, जपानी, आणि १९२३ नंतर भारतीय. वर अशा बाईला, जोवर ते लग्न टिकून आहे तोवर, नव्याने नागरिकत्व मागायचीही सोय नव्हती. थोडक्यात, नवरा सोड नाहीतर देश सोड. हे वाक्य निघायला १९३१ उजाडावं लागलं.

तारकनाथ दास या बंगाली क्रांतिकारकाची बायको मेरी दास हिच्याबाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. जन्माने अमेरिकन असलेल्या बाईला पासपोर्ट नाकारला गेला. तिने १९२६ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकात यावर लेख लिहिला. आपला देश नसलेली बाई, अशी तिने स्वतःची ओळख दिली होती.

पंडितांनी मात्र वेगळा डाव टाकला, आणि म्हणूनच मला हा माणूस आवडतो. आपण गोरे आहोत की नाही या चिखलात ते अडकून बसले नाहीत. त्यांनी विचारलं, १९१४ मध्ये तुम्ही कोर्टात होतात, तेव्हा निकाल लागला, तुम्ही अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. भारतातला वारसा सोडला, व्यवसाय उभा केला, लग्न केलं. आता माझी वकिली जाईल, आणि माझ्या बायकोचं, जिने काहीच केलं नाही, तिचं नागरिकत्व जाईल. एकदा निकाली निघालेली गोष्ट तुम्ही पुन्हा उकरू शकत नाही. खालच्या कोर्टात ते जिंकले. सरकार अपिलात गेलं, तिथेही १९२६ मध्ये तेच जिंकले. सरकारने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तर मार्च १९२७ मध्ये कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आणि त्याचा फायदा झाला आपल्या आणखी एका माणसाला. शंकर लक्ष्मण गोखले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला, चुंबकत्वावर संशोधन करणारे. (इंजिनिअर बंधूंनो, आपल्याआधी शंभर वर्षं हा माणूस तिकडे नोकरी करत होता.) त्यांचं नागरिकत्वही सरकारने रद्द करून घेतलं होतं, अपिलातही ते हरले होते. पण १९२८ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा सरकारच्याच बाजूने माघार घेतली गेली आणि खालचा निकाल रद्द झाला. त्यानंतर ही उकराउकरी थांबली.

सगळ्यांना हा निकाल वेळेत मिळाला नाही. मूळचे पेशावरचे वैष्णो दास बगाई, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे, बायको-मुलांसह तिथे गेलेले. नागरिकत्व गेलं, पासपोर्ट मिळेना. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जाण्याआधी लिहिलेलं पत्र तिथल्या वर्तमानपत्राने छापलं. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअपला काही बोलावंसं वाटलं नाही. एवढंच सांगतो.

बरं, मग 'स्पॉन्सर' करणं सुरू कधी झालं? लग्नाने आपोआप नागरिकत्व मिळत होतं तोवर गरज नव्हती. १९२२ च्या कायद्याने ते आपोआपपण संपलं, बाईला स्वतःचा अर्ज करावा लागू लागला. आणि १९२४ मध्ये देशागणिक कोटा आला. आता नागरिकाची बायको कोट्याबाहेर आणायची, तर त्या नागरिकाने शपथेवर अर्ज करायचा, तिला पोसायची ऐपत सांगायची, आणि त्याला ओळखणाऱ्या दोन जबाबदार नागरिकांची निवेदनं जोडायची. आज जो आय-१३० फॉर्म भरला जातो त्याचा हा आजोबा. ऐपतीचं हमीपत्र आजही आहे. ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवावं लागतं. अर्ज करणारा नागरिक 'पुरुष' असावा हे गृहीतच होतं. अमेरिकन बाईला परदेशी नवरा बरोबरीने आणता यायला १९५२ चा कायदा यावा लागला.

आणि त्या १९२४ च्या कायद्यातही 'अपात्र' हा शब्द होताच. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमेरिकन नागरिकाची बायको असली तरी चिनी बाई अपात्र वंशाची आहे, तिला आत घेता येणार नाही. भारतीयांसाठी हे दार उघडलं २ जुलै १९४६ ला. वर्षाला कोटा किती? शंभर. फक्त शंभर.

आता बोट इकडे वळवू. ब्रिटिशांच्या राज्यात काय होतं? तेच, आजीचं तत्त्व. ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न करणारी बाई ब्रिटिश प्रजाजन झाली, विषय संपला. आपण गुलाम असलो तरी कागदावर 'प्रजाजन' होतो, म्हणून हा नियम आपल्यालाही लागू होता.

त्यामुळे ईव्ह इव्हॉन माडे द मारोस या मुलीला १९३२ मध्ये फारशी कागदपत्रं भरावी लागली नसावीत, निदान राष्ट्रीयत्वासाठी तरी. वडील हंगेरियन, आई रशियन, जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. सँडहर्स्टला शिकणारा विक्रम खानोलकर सुटीत बर्फात खेळायला गेला होता, तिथे दोघं भेटले. ती तेव्हा शाळकरी वयाची. घरच्यांचा विरोध होता. काही वर्षांनी ती भारतात आली आणि लखनौला लग्न झालं. ती सावित्रीबाई झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली. महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सर्वोच्च शौर्यपदकाचं चिन्ह तयार करायचं काम दिलं ते तिलाच. परमवीर चक्रावरचं इंद्राचं वज्र ही या बाईची कल्पना. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, ते तिच्या मुलीच्या सासरचे, मुलीचे दीर.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, बघा, जुनं तेच बरं होतं. मलाही क्षणभर वाटलं. पण लिलियनचं नागरिकत्व धोक्यात आणणारा आणि सावित्रीबाईंना सहज आत घेणारा नियम एकच आहे. बाईचा कागद म्हणजे नवऱ्याच्या कागदाची झेरॉक्स. मूळ प्रत चांगली असेल तोवर झेरॉक्सही चालते.

१९५० मध्ये राज्यघटना आली. पाचव्या कलमाने भारतात कायमचं वास्तव्य असलेल्या आणि आधीची पाच वर्षं इथे राहिलेल्यांना नागरिक मानलं, मग ते कुठेही जन्मलेले असोत. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. त्यात भारतीयाशी लग्न झालेल्यांना नोंदणीने नागरिकत्व मिळायची तरतूद होती. मूळ शब्द नीट बघा: 'स्त्रिया', भारतीय नागरिकांशी लग्न झालेल्या. म्हणजे मानकोलीतल्या मुलाची परदेशी बायको अर्ज करू शकायची, पण मानकोलीतल्या मुलीचा परदेशी नवरा या कलमाखाली नाही. तीस वर्षं हे असंच होतं. १९८६ मध्ये 'स्त्रिया' काढून 'व्यक्ती' शब्द घातला आणि पाच वर्षं राहण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षं झाली.

आमच्या वहिनीच्या बाबतीत आजचा हिशेब असा. भारतात नवरा-बायकोच्या नात्यावर मिळणारं अमेरिकेसारखं ग्रीन कार्ड नाही. २०१६ मध्ये 'कायम रहिवासी' दर्जा आणला, पण तो किमान दहा कोटी गुंतवणाऱ्या परदेशी माणसासाठी. आमच्याकडे दहा कोटींची जमीन असती तर गोडाऊनवाल्यांनी केव्हाच घेतली असती. तर मग उरतो एन्ट्री व्हिसा, आणि तो वाढवत राहणं. त्या व्हिसावर थेट नोकरी करता येत नाही. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो, ही सोय २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाली. अर्ज मंजूर होण्याआधी सुरक्षा तपासणी होते. ज्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक होते त्यांना हे कार्ड मिळत नाही.

ओसीआयचं लांबलचक नाव ऐकून फसू नका, ते नागरिकत्व नाही. मत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे वाचलं आणि मला पंडितांचं कॅलिफोर्निया आठवलं. तिथेही १९१३ पासून 'अपात्र' परक्यांना शेतजमीन घ्यायला बंदी होती. हेतू वेगळे आहेत, मान्य. आपल्याकडे वंश बघत नाहीत, आणि शेतकरी नसलेल्या भारतीयालाही महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. तरी आमच्यासारख्या गावात, जिथे सात-बारा हेच ओळखपत्र आहे, तिथे ही ओळ डोळ्यांत खुपते.

अजून एक ओळ आहे, ती मी भावाला दाखवली नाही. जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय, कोर्टाने घटस्फोट मंजूर केला की रद्द होऊ शकतं. लग्नाचा गैरवापर होऊ नये म्हणून हे ठेवलंय, हे मला कळतं. खोटी लग्नं होतात, जगभर होतात. अमेरिकेनेही १९८६ मध्ये याच कारणाने नव्या जोडप्यांना आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड द्यायला सुरुवात केली. पण समजा, कोणाच्या घरी मारहाण होत असेल, तर त्या बाईने कोर्टात जाण्याआधी आपल्या राहण्याच्या हक्काचाही विचार करायचा का? लिलियनला 'नवरा नाहीतर देश' असं विचारलं होतं. इथे प्रश्न त्याच्या उलटा आहे, पण मला तो त्याच घरातला वाटतो. तिकडे निदान मारहाण सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करायची वाट १९९४ मध्ये कायद्याने काढून दिली. आपल्याकडे कार्डाच्या बाबतीत अशी स्पष्ट वाट लिहिलेली असावी, असं माझं मत आहे. पटलं नाही तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवतो. शिव्या असतील तर कापून वाजवतो.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे क्रांतिकारक, त्यांची बेल्जियन बायको जाँ आणि त्यांचं भारतात परतणं, हे या भागात बसवायचं होतं. बसलं नाही. त्यांना पूर्ण भाग देऊ.

घरची बातमी सांगून थांबतो. येत्या मार्चमध्ये वहिनीच्या लग्ननोंदणीला दोन वर्षं होतायत. भावाने एक निळी फाईल केलीय. त्यात नोंदणीचा दाखला, व्हिसाच्या प्रती, आणि लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो. हळदीचा एक फोटो आजीने हट्टाने त्यात घालायला लावलाय. त्यात वहिनी नाचतेय, आजी टाळ्या वाजवतेय, आणि भाऊ फोटोत कुठेच नाही. भाऊ बोलला, "अगं आजी, नवरा दिसायला पाहिजे त्यात." आजी फोटो काढून द्यायला तयार नाही.